अर्ज नामंजूर, लोभ असावा

प्रति,
तिसऱ्या मजल्यावरील रिकाम्या फ्लॅटसाठी अर्ज करणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीस,

स. न. वि. वि.

आपला भाडेकरू-अर्ज व्यवस्थापक समितीच्या बैठकीत एकमताने नामंजूर झाला आहे. सोसायटीच्या कारभारात पारदर्शकता असावी असा आमचा आग्रह असल्याने हे पत्र खुले ठेवले आहे. ते सूचनाफलकावर लावले आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आहे आणि आपली प्रत वॉचमनकडे दिली आहे. ती गेटवरच घ्यावी.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. आम्ही भेदभाव करत नाही. आपल्याआधी आम्ही अविवाहित मुलांना नाकारले आहे, एकट्या राहणाऱ्या बायकांना नाकारले आहे, मटण शिजवणाऱ्यांना नाकारले आहे, आणि ज्यांची आडनावे वाचताना आमच्या अध्यक्षांना खोकल्याची उबळ येते अशा कित्येकांना नाकारले आहे. आपल्याला वेगळी वागणूक मिळाली, असे कोणी म्हणू शकणार नाही.

उलट आपल्या हक्कांना आमचा पहिल्यापासून पाठिंबा आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि आपली ओळख ज्याची त्याने ठरवायची असा निकाल दिला, तेव्हा त्या बातमीवर आमच्या सदस्यांनी भरभरून अंगठे उमटवले होते. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंतांच्या आयुष्यावरची ‘ताली’ ही मालिका 2023 मध्ये आली, ती आम्ही घरोघरी पाहिली आणि डोळे पुसले. सामाजिक न्यायासाठी एका कुटुंबाने एका शनिवारी याहून जास्त काय करावे?

आणि परंपरेचे म्हणाल, तर ती आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. अवघ्या महाराष्ट्राने बालगंधर्वांची सिंधू आणि रुक्मिणी डोक्यावर घेतली. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायकांनी केली, आणि पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर 1968 पासून उभे आहे. पुरुषदेहाने बाईपण मिरवले म्हणून आम्ही कधी नाक मुरडले नाही. फक्त त्यात एक सोय होती. पडदा पडला की गंधर्व पुन्हा नारायणराव राजहंस होत आणि कोटटोपी घालून घरी जात. आपला पडदा पडतच नाही, अशी उपाध्यक्षांची तक्रार आहे. तिकीट काढून तीन तास आणि शेजारी राहून अकरा महिने, यात फरक असतो हे आपणही मान्य कराल.

संबंध ठेवायला आमची ना नाही, हेही नमूद करतो. दुसऱ्या मजल्यावर नातू झाला तेव्हा आपल्यापैकी काही जण येऊन टाळ्या वाजवून, आशीर्वाद देऊन गेले. आजींनी पदराच्या टोकाने डोळे टिपले, साडी दिली, वर पैसेही दिले. आपली दुवा लागते आणि शाप तर हमखास लागतो, यावर आमच्या इमारतीतल्या दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. तो आशीर्वाद दारात उभे राहून देण्याची प्रथा आहे आणि आम्ही प्रथा पाळणारी माणसे आहोत.

दाराबाहेर आपल्याला कामही देता येईल. पाटणा महापालिकेने 2006 मध्ये थकबाकीदारांच्या दारात हिजड्यांना गायला-नाचायला पाठवून करवसुली केली होती आणि त्यांना वसुलीवर चार टक्के कमिशन दिले होते. आपण दारात दिसलात की माणसाला लाज वाटते, ही गोष्ट एका सरकारी संस्थेने अशी अधिकृतपणे उपयोगात आणली. आमच्याकडेही मेंटेनन्स थकवणारे आहेत. त्यातले दोघे समितीवरच आहेत, म्हणून तो विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. पण संधी आहे, असे समजावे.

आता अर्जाविषयी. कागदपत्रे चोख होती. पगाराच्या पावत्या, आधीच्या घरमालकाचे पत्र, आधार कार्ड, जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख-प्रमाणपत्र, सारे काही. इतकी कागदपत्रे आमच्या एकाही सदस्याने आजवर दिलेली नाहीत, त्यामुळे समितीला साहजिकच संशय आला. खजिनदारांनी विचारले, “ते सगळे ठीक आहे, पण शस्त्रक्रिया झाली आहे का?” शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा आहे, असे 2014 च्या निकालातच म्हटले असल्याचे समितीतल्या एकमेव वकीलबाईंनी सांगितले. त्यावर पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले की विराट राजानेही बृहन्नडेला आधी तपासून घेतले होते. पुढे त्याच राजाने तिला राजवाड्यात ठेवून राजकन्येला नृत्य शिकवायला सांगितले, ही आठवण वकीलबाईंनी करून दिली. पण विराटाचा राजवाडा सहकारी तत्त्वावर चालत नव्हता, हे त्या विसरल्या. खजिनदारांच्या स्वतःच्या पुरुषत्वाचा दाखला सोसायटीच्या दप्तरात आहे काय, असेही त्यांनी विचारले. हा प्रश्न इतिवृत्तातून वगळण्यात आला आहे.

मग गेटवर आपल्यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवून तात्पुरता प्रवेश द्यावा, अशी सूचना पुढे आली. तिला ऐतिहासिक आधार आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानातल्या हिजड्यांसाठी अशीच नोंदवही काढली होती. मुले पळवल्याचा नुसता संशय नाव चढायला पुरेसा असे. नाव चढलेली व्यक्ती बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसली किंवा चारचौघांत नाचली, तर तिला वॉरंटाशिवाय पकडता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद होई. इंग्रज गेले, तो कायदाही गेला, पण मुले पळवण्याचा संशय आम्ही जपून ठेवला आहे. आजही आमच्याकडे मूल जेवत नसेल, तर त्याला गेटकडे बोट दाखवूनच भरवले जाते.

कैदेच्या या दोन वर्षांचा एक योगायोग वकीलबाईंनी दाखवला. 2019 मध्ये संसदेने तृतीयपंथीयांच्या संरक्षणासाठी कायदा केला, त्यात तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यासाठी शिक्षा ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवर बलात्कार करणाऱ्याला मात्र तेव्हाही किमान दहा वर्षे होती. म्हणजे 1871 मध्ये आपण नाचलात तर दोन वर्षे आपल्याला, आणि 2019 मध्ये आपल्यावर अत्याचार झाला तर फार तर दोन वर्षे त्याला. दीडशे वर्षांत न्यायाचा काटा जागचा हलला नाही, याबद्दल मुख्याध्यापकांनी समाधान व्यक्त केले. वकीलबाई मात्र त्यानंतर बराच वेळ बोलल्या नाहीत.

आपण अर्जासोबत याच कायद्याचे तिसरे कलम जोडले आहे. राहणे, घर विकत घेणे किंवा भाड्याने घेणे, या बाबतीत तृतीयपंथीयांशी भेदभाव करू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आम्ही ते आदराने वाचले. मग शिक्षा सांगणारे अठरावे कलमही वाचले. वेठबिगारी करायला लावणे, सार्वजनिक जागी अडवणे, घराबाहेर किंवा गावाबाहेर काढणे, इजा करणे, याला शिक्षा आहे. घर भाड्याने न देण्याला नाही. म्हणजे तिसरे कलम हे आमच्या जिन्यातल्या ‘येथे थुंकू नये’ या पाटीसारखे आहे. पाटी लावल्याचे समाधान पाटी लावणाऱ्याला मिळते आणि कोपरा लाल राहतो. गावाबाहेर काढले तर गुन्हा होतो, म्हणून आम्ही कोणाला काढतच नाही, आधीच आत घेत नाही.

आपण कोर्टात जाल, हे गृहीत धरले आहे. जरूर जा. तृतीयपंथी असल्यामुळे एका शिक्षिकेची नोकरी एका मागोमाग दोन राज्यांतल्या शाळांत गेली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये भरपाई दिली. न्याय मिळतो. तोपर्यंत कुठे राहायचे, हे निकालपत्रात नसते.

आणि आम्हालाच का दोष द्यावा? 2022 मध्ये पोलिसभरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवा, असे राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने सांगितले, तेव्हा खुद्द राज्य सरकार ‘हे अवघड आहे’ म्हणत उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कान उपटले, दोन जागा राखून ठेवायला लावल्या आणि नियम करायला मुदत घालून दिली. एवढ्या मोठ्या सरकारला अर्जावर एक चौकोन वाढवणे जड गेले, मग आम्हाला एक अख्खा फ्लॅट जड जाणारच. केरळचे पाहा. 2017 मध्ये कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झाले, आणि काही दिवसांतच त्यातल्या कित्येकांनी काम सोडले. कारण शहरात त्यांना कोणी खोली देईना. मेट्रोने उघडलेला दरवाजा घरमालकांनी बंद केला. त्या अनोळखी घरमालकांशी आमचे भाषेपलीकडचे नाते आहे.

खेड्यांतली माणसे मात्र अजून पुरेशी शहाणी झालेली नाहीत. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये थेट तृतीयपंथी सरपंच निवडला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला, औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये तो ग्राह्य धरला, आणि गावाने त्यांना निवडून दिले. शेजाऱ्यांनी मत दिले, म्हणजे रोज बघत असलेल्या माणसांनी. यापेक्षा मध्य प्रदेशातले कटनी शहर बरे. तिथे कमला जान महापौर झाल्या होत्या. पद स्त्रियांसाठी राखीव आहे आणि तुम्ही स्त्री नाही, असे म्हणून न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. मतदारांना जे कळले ते कागदाला पटले नाही. आम्ही कागदाच्या बाजूचे.

तेव्हा नकाराचे खरे कारण काय, असे वकीलबाईंनी शेवटी विचारले. आवाज, गोंधळ, येणारे-जाणारे, मुलांवरचे परिणाम, फ्लॅटच्या किमती, एकेक मुद्दा सगळ्यांनी मांडून पाहिला. एकही टिकेना, कारण आपण आधीच्या जागेत चार वर्षे राहिलात आणि तिथल्या घरमालकाने ‘भाडे वेळेवर, त्रास शून्य’ असे लिहून दिले आहे. खरी धास्ती त्या पत्रानेच घातली. आपण इथे आलात आणि मेंटेनन्स वेळेवर भरलात, तर? पार्किंगवरून आमच्यासारख्याच तावातावाने भांडलात, गणपतीच्या वर्गणीची पावती मागितलीत, दुसऱ्या मजल्यावरच्या नातवाला लिफ्टचे बटण दाबायला उचलून घेतलेत, तर? तो नातू आपल्याला मावशी म्हणायला लागेल. मग त्याला भरवताना गेटकडे बोट दाखवून कोणाची भीती घालायची? आपण वेगळे आहात हे गृहीत धरून आम्ही आमचे सगळे नियम, किस्से, भीती आणि विनोद बांधले आहेत. आपण साधे शेजारी निघालात, तर एवढी वर्षे चूक कोणाची होती, हा विषय सर्वसाधारण सभेत येईल. तो आम्हाला परवडणार नाही.

म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. वकीलबाई त्या वेळी सभा सोडून गेल्या होत्या, त्यामुळे एकमताला बाधा आली नाही.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा. अर्जासोबत भरलेले पाचशे रुपये नियमानुसार परत मिळणार नाहीत. ते इमारत दुरुस्ती निधीत जमा केले आहेत. पावती सोबत जोडली आहे. तीवर आपण सांगितलेले नाव, सांगितले तसे, ‘श्रीमती’सकट घातले आहे. पैसे घेताना आम्ही कोणाकडे दाखला मागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मानद सचिव
(व्यवस्थापक समितीच्या वतीने)