मेथी विरुद्ध लाल वाइन

लाल वाइन हृदयाला चांगली, हे मी इतक्या अधिकारवाणीनं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, बाटली दुकानातून नव्हे, दवाखान्यातून आणलीय. दारू पिणारे वेगळे. आम्ही ‘वाइन घेतो’. पेला दांडीला धरून फिरवायचा, त्यात नाक खुपसायचं आणि डोळे मिटून ‘ओक’ म्हणायचं. ओकाचं झाड मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या बांधावर बाभळी.

पण नारायणगावच्या माणसानं वाइनवर बोलायचं नाही तर कुणी? ऐंशीच्या दशकात इथंच फ्रेंच तंत्रानं ‘ओमर खय्याम’ ही फसफसती वाइन तयार झाली, परदेशीही गेली. गावात ती चाखलेले थोडेच, अभिमान मात्र घरटी एकेक पेला.

तर एकदा ताटात पुन्हा मेथी दिसली आणि मी द्राक्षांच्या पौष्टिकतेवर बोलायला लागलो. बायको म्हणाली, “अहो, मग एकदा कागदावर मांडा ना.” मांडलं. दीडशे मिलिलिटर लाल वाइनमध्ये सव्वाशेच्या आसपास कॅलरी; शंभर ग्रॅम मेथीत, फोडणीचं तेल सोडलं तर, पन्नासही नाहीत. मेथी चारीमुंड्या चीत! पुढच्या रकान्यात मात्र मेथीची तीन-चार ग्रॅम प्रथिनं, कॅल्शियम, लोह, चोथा. वाइनची प्रथिनं शून्याला टेकलेली. कॅलरीही बहुतेक मद्यार्काच्या, ग्रॅमला सात. मग मी लाल वाइनमधल्या, हृदयाला चांगलं म्हणवल्या जाणाऱ्या रेझव्हेरॅट्रॉलचं घोडं पुढे दामटलं. ते निघालं लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम, म्हणजे औषधापुरतं हवं तर पिंप लावायला हवं. त्यात जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगूनच टाकलं, की मद्याचं निर्धोक असं प्रमाणच नसतं.

आकड्यांत हरलेला माणूस चवीकडे वळतो. माशाबरोबर पांढरी वाइन, हे मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून पाहुण्यांसमोर जाहीर केलं, मासवडीला पांढरीच हवी. मासवडीत मासा नसतो हे आळेफाट्यापासून घोडेगावपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. असते ती बेसनाची करामत. गुठळी न होऊ देता पीठ घोटायचं, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचं, बोटं भाजली तर भाजू द्यायची. वर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं खमंग सारण. फडक्यासकट वळायचं, दाबून माशाचा आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. सारण सांडलं तर ते चाखायचा मान स्वयंपाकघरात घुटमळणाऱ्याचा, म्हणजे माझा. मग काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, त्यात कुस्करलेली बाजरीची भाकरी. पहिल्याच भुरक्याला नाक वाहू लागतं. वाइन हुंगायला नाक उरतंच कुठं?

मेथीचा कागद मात्र डोक्यातून जाईना. मंचर-नारायणगावच्या बाजारात जुड्यांचा भाव शेकड्यावर ठरतो. तो पडला की काढणीची मजुरीही सुटत नाही, मग उभ्या वावरात मेंढरं सोडतात. दिवसभर वाकून जुड्या बांधणाऱ्या बाईच्या हातात जी मजुरी पडते, तिला घरी पोचेपर्यंत देशीच्या दुकानाची वाट लागते, नवऱ्याच्या खिशातून. गावातलं दुकान मतदानानं बंद करायचं म्हटलं, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत द्यावं लागतं. आमदार व्हायला एवढी मतं लागत नाहीत. त्या बाईसमोर पेला फिरवत ‘आमची दारू नव्हे’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि बाटलीवर छापलेली किंमत आपण निमूट मोजतो, सुट्टे नसतील तर वरचे सोडूनही देतो. मेथीवाल्या मावशीकडे मात्र दोन जुड्यांवर तिसरी मागतो, कोथिंबीर तर हक्कानं. हिवाळ्यात मंचरला आलात, तर जुडी सांगतील त्या भावात घ्या. घासाघीस करायचीच हौस असेल, तर आधी वाइनच्या दुकानात करून बघा.