भैरूच्या खाजेचा पंचनामा

खाजवणारा कुत्रा एकटा जागा राहत नाही. मागचा पाय फरशीवर ठकठक आपटतो, गळ्यातली घुंगरं वाजतात, पलंगाचा एक पाय उगाचच साथ देतो, आणि खालच्या मजल्यावरचे काका सकाळी जिन्यात गाठून विचारतात, "रात्री सुतारकाम काढलं होतं का?"

या ठकठकीची लय मोजून ठेवणारा एक साहेब होऊन गेला. चार्ल्स शेरिंग्टन त्याचं नाव. १९०६ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात कुत्र्याच्या खाजवण्याला भरपूर जागा दिलेली आहे. घोड्याला खोगीर घालतात तेवढ्या पाठीच्या भागात कुठेही गुदगुल्या झाल्या की मागचा पाय उठतो आणि सेकंदाला साधारण चार वेळा चालतो. मेंदूला न विचारता मज्जारज्जू हे काम परस्पर उरकतो. पिसू चावल्याचा भास व्हावा म्हणून शेरिंग्टन केसाच्या मुळाशी बारीक टाचणीतून विजेचा हलका प्रवाह सोडी, आणि या युक्तीला 'विजेची पिसू' म्हणे. पुढे १९३२ साली त्याला नोबेल मिळालं ते मज्जापेशींवरच्या कामाबद्दल, पण त्यात पिसूचा वाटा नव्हता असं निदान आमच्या घरात तरी कुणी म्हणणार नाही.

पाय कसा चालतो हे असं शंभर वर्षांपूर्वीच कळलं. तो का चालतो, हे आमच्या भैरूच्या बाबतीत कळायला फार वेळ लागला. भैरू म्हणजे जातिवंत गावठी कुत्रा. कान उभे, शेपूट वळलेली, स्वभाव मामलेदाराचा. त्याला खाज सुटली तेव्हा आमच्या सोसायटीत निदान करायला डॉक्टरची गरज आहे असं कुणालाच वाटलं नाही. पहिला निकाल लागला तो उष्णतेचा. मराठी माणसाला जे काही होतं ते उष्णतेने होतं, उरलेलं वाताने, आणि कुत्राही शेवटी मराठी घरातलाच. आईने सब्जा भिजत घातला. दुसरा निकाल, "गोड घालता ना? मग लूत भरणारच." लूत भरते ती सूक्ष्म किड्यांमुळे, साखरेशी तिचा संबंध नाही, हे सांगून उपयोग नव्हता, कारण सांगणाऱ्यांच्या गावी जिलबी खाऊन केस गेलेला एक तरी कुत्रा होताच. कडुनिंबाचा पाला, करंजाचं तेल, हळद, देवकापूर असं सगळं येऊन गेलं. वॉचमनने तर गॅरेजमधून गाडीचं जळकं ऑइल आणून देण्याची तयारी दाखवली. हा उपाय महाराष्ट्रभर श्रद्धेने करतात. ऑइलने कातडी पोळते आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं. किडे मेले तरी पुढचा हिशेब कुत्र्यालाच भरावा लागतो. देवकापूरही त्याच्या पोटात गेलेला बरा नव्हे.

पशुवैद्य म्हणून आम्हाला भेटल्या त्या वयाने लहान आणि आवाजाने हेडमास्तरीण. त्यांनी कुत्र्याला हात लावण्याआधी आम्हाला विचारलं, "कुठे खाजवतो?"

"सगळीकडे," बायको म्हणाली. "पोटाला," मुलगी म्हणाली. "खाजवतो कुठे? लाडात येतो," आई म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, जागेवरून बरंच कळतं. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांवर असेल तर आधी पिसवा बघायच्या. कानाच्या कडा आणि कोपरं असतील तर खरजेचा किडा. पंजे, काखा, तोंड, कान असतील तर अ‍ॅलर्जी. कानातून आंबूस वास येत असेल तर बुरशीसारखं यीस्टही माजलेलं असतं. मग त्यांनी भैरूच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळली. खरूज असलेल्या कुत्र्याचा मागचा पाय अशा वेळी बहुधा आपोआप चालू लागतो. भैरूचा पाय चालला नाही. तो फक्त त्यांच्याकडे, ओळख नसताना कान धरणाऱ्या माणसाकडे बघावं तसा बघत राहिला. तरीही खरूज नाही असं लगेच म्हणता येत नाही, कारण कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली घातली तरी हा किडा पुष्कळदा सापडतच नाही. म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"घरात आणखी कुणाला खाजतंय का?"

प्रश्न रास्त होता. कुत्र्याची खरूज काही दिवस माणसालाही चावते. पण हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. आई मनगट खाजवू लागली, मुलीचा हात मानेवर गेला, मला पाठीत नेमकं हात न पोचणाऱ्या जागी काहीतरी वळवळलं, आणि कंपाउंडरने टेबलाखाली पोटरीवर पोटरी घासली. खाज नुसती ऐकूनही लागते. १६६० साली हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली ती अशी, की खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी संवेदना म्हणजे खाज. व्याख्या गोल गोल वाटते खरी, पण इतक्या वर्षांत वैद्यकाला तिच्याहून बरी सापडलेली नाही. त्या खोलीत न खाजवणारा एकच प्राणी होता, आणि त्याला आम्ही खाजवतो म्हणून घेऊन गेलो होतो.

डॉक्टरांनी बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरलं आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले. माती असती तर काळीच राहिली असती. यांच्याभोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

"पण पिसू तर एकही दिसली नाही," बायको म्हणाली. तिला घराच्या स्वच्छतेवर बोट ठेवल्यासारखं वाटलं होतं.

"दिसणार नाही. तोच चावून चावून गिळतो. आणि ज्याला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला चार-दोन चावेही पुरतात." कुत्र्यांवर सर्वांत जास्त आढळते ती खरं तर मांजराची पिसू, असंही त्यांनी सांगितलं. आईला हे फार आवडलं. आमच्याकडे मांजर नाही, पण दोष शेवटी मांजरावरच गेला याचं तिला समाधान वाटलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पूर्ण वाढलेल्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातल्या जेमतेम पाच टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, दिवाणाखाली. कोषातली पिसू तर महिनोन् महिने वाट बघते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासाचा वारा लागला की बाहेर उडी मारते. सुट्टीवरून परतलेल्या कुटुंबाचं स्वागत बंद घर असं का करतं ते मला तेव्हा समजलं. थोडक्यात, कुत्र्याला आठवड्याला अंघोळ घालणारे आम्ही म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

औषध सुरू झालं, दिवाण हलला, त्याखालून मुलीची हरवलेली कंपासपेटीही निघाली. खाज निम्मी झाली. डॉक्टरांच्या भाषेत, निम्मी केस सुटली.

उरलेल्या निम्मीत पहिला संशयित टेकडीवर सापडला. पुण्याने देशाला ज्या गोष्टी पहिल्यांदा दिल्या त्यांच्या पाट्या जागोजागी आहेत. एका गोष्टीची मात्र नाही. गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते भारतात पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं ते १९५५ च्या सुमारास, पुण्यात. अमेरिकेहून मदत म्हणून आलेल्या गव्हातून ते आलं असं सांगतात. अंगाला लागलं की माणसांना आणि जनावरांना खाज आणतं, चट्टे उठवतं. त्याला खाण्यासाठी १९८४ साली मेक्सिकोहून भुंगेरे आणून सोडले, आणि ते अजून खाताहेत, पण गवताची वाढ त्यांच्या भुकेला काही जुमानत नाही. भैरू याच गवतात पोट घासत फिरायचा. पावसाळ्यात त्याची वाट डांबरी रस्त्यावर आणली, घरी आल्यावर पोट आणि पाय धुऊन कोरडे करायचे ठरवलं. पोटाची लाली उतरली. पंजे चाटणं चालूच.

मग आलं अन्न, आणि इथे चौकशी कुत्र्याकडून आमच्याकडे वळली.

अन्नाची अ‍ॅलर्जी रक्त तपासून खात्रीने कळत नाही. ती शोधायची पद्धत अगदी जुन्या वळणाची आहे. त्याने आजवर कधीही खाल्लेलं नाही असं काहीतरी एकच अन्न निदान आठ आठवडे द्यायचं, दुसरा कणही नाही, आणि बघायचं. "आजवर काय काय खाल्लंय ते लिहून आणा," डॉक्टर म्हणाल्या. बायकोने वहीत लिहिलं, चिकन, भात, पेडिग्री. यादी तेवढ्यावर संपली. डॉक्टरांनी ती वाचली आणि वही आईपुढे धरली. "आजी, आता तुम्ही सांगा."

आईने आधी भैरूकडे बघितलं. मग हळूहळू बाहेर आली ती ताकात कुस्करलेली पोळी, साईचा भात, उकडीच्या मोदकाची पारी, एकादशीची खिचडी ("ती काय, प्रसादापुरती"). मुलीने शाळेच्या डब्यातलं चीज कबूल केलं. भांड्याला येणाऱ्या मावशी बटर देत होत्या. वॉचमन रोज रात्री पार्ले-जी देत होता, आणि तोही मोजून, कारण एक पुडा दोघांत होता. मी काहीच देत नव्हतो. याचा कुणावर काही परिणाम झाला नाही, उलट बापाचा जीव कुत्र्यावर नाही असा अर्थ निघाला. कुत्र्याच्या अ‍ॅलर्जीत गोमांस, दूध, चिकन आणि गहू हे नेहमीचे आरोपी. त्यांतले तीन आमच्या घरात रीतसर राबत होते. कुणाचं कुणाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त भैरूला, आणि त्याने कधी कुणाचं नाव फोडलं नव्हतं.

त्याने न खाल्लेलं असं या यादीबाहेर काय उरलं होतं, देव जाणे. म्हणून डॉक्टरांनी एक खास खाद्य लिहून दिलं, ज्यातलं प्रथिन इतकं बारीक तोडलेलं असतं की शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याची ओळखच पटत नाही. पिशवीची किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात तुझी मुंज झाली होती. वर दक्षिणा."

त्या आठ आठवड्यांत आमच्या घरात जी शिस्त होती ती परीक्षेच्या काळातही नसते. स्वयंपाकघराच्या दाराला पाट आडवा. चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा बंद, कारण चवीतही प्रथिन असू शकतं. वॉचमनला समक्ष सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, मी नाही देणार, पण तो मागणार." पंधरवडा लोटला आणि भैरूने सगळं अंग ओरबाडलं. चौकशीत आईने सांगितलं, "मी काही घातलं नाही. ताटाशी बसला होता. शीत पडलं असेल." कालावधी पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला.

अखेरीस आठ आठवडे पार पडले. खाज थोडी उतरली होती, फार नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आता जुनं खाणं पुन्हा द्या, वाढते का बघू, त्याशिवाय पुरावा होत नाही. बायकोचा याला विरोध होता. उतरलेली खाज मुद्दाम चढवायची हे गृहिणीच्या बुद्धीला पटणारं नाही, पण वैद्यकाचं खरं धैर्य मला इथेच दिसलं. आठवडाभर चिकन-भात दिला. काही झालं नाही. दूध दिलं, पोळी दिली. काही झालं नाही. चिकन निर्दोष सुटलं. आई निर्दोष सुटली, आणि तिने ते चारपाच वेळा बोलून दाखवलं.

मागे उरली ती घरातल्या धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, दमट हवेत आणि गाद्यागिरद्यांत राहतात आणि माणसाच्या अंगावरून झडलेला कातडीचा कोंडा खातात. या अ‍ॅलर्जीचं निदान करायला एकच एक तपासणी नाही. बाकी सगळं वगळत आणायचं आणि जे उरेल ते नाव द्यायचं. बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात ती सुरू होते, आणि भैरू त्याच वयाचा होता.

"म्हणजे त्याला आपली अ‍ॅलर्जी?" आईने विचारलं.

"तुमच्या गादीची, आजी."

आईची कापसाची गादी तिच्या लग्नातली. दर काही वर्षांनी पिंजून घेतलेली, आणि भैरू दुपारी तिच्यावरच झोपतो. गादी टाकून द्यायचा विषय निघाला तो तिथेच मिटला. ठरलं एवढंच, की गादीला उन्हं दाखवायची, वर घट्ट खोळ घालायची, चादर आठवड्याला कढत पाण्यात.

"मग खरं कारण कोणतं? पिसू, गवत की गादी?" मी विचारलं. मला एक नाव हवं होतं. खालच्या काकांना सांगायला.

डॉक्टर म्हणाल्या, खाजेची एक मर्यादा असते. तिच्या आत कुत्रा सहन करतो. एसटीत तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकला तर कुणी काही बोलत नाही. पाचवा आला की भांडण. भांडतात सगळे पाचव्याशी, पण गर्दी सगळ्यांचीच असते. गादीची अ‍ॅलर्जी कायम बसलेली आहे, तिला उठवता येत नाही. पिसवा आणि गवत उतरवले की भैरू बऱ्यापैकी बसतो. खाज थांबवणाऱ्या गोळ्या आहेत, लागल्या तर देऊ, पण त्या आधीच दिल्या असत्या तर यांतलं काहीच कळलं नसतं.

आता दर तपासणीला त्या एक कागद काढतात. शून्य म्हणजे खाजवत नाही, दहा म्हणजे क्षणभर थांबत नाही. धडधाकट कुत्राही थोडं खाजवतोच, त्यामुळे दोनच्या खाली असेल तर काळजी नाही. परवा त्यांनी आकडा विचारला. आई म्हणाली एक. बायको म्हणाली पाच. मुलगी म्हणाली सात, कारण तो तिच्या खोलीत झोपतो. मी तीन म्हणालो. भैरू टेबलावर उभा राहून कंपाउंडरच्या खिशातल्या बिस्किटाचा वास घेत होता. डॉक्टरांनी सरासरी काढली नाही. चारही आकडे एकाखाली एक लिहिले, प्रत्येकासमोर नाव घातलं, आणि आईच्या नावापुढे पेन्सिलने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं.