स्पष्ट सांगा, साहेब

आशीर्वादासाठी वर केलेला हात पुरता खाली यायच्या आत आमचे धाकटे पाळकसाहेब दुसऱ्या हाताने खिशातली वही चाचपतात. वहीत चार रकाने आहेत: आवाज, आशय, वेळ, हावभाव. उपासना सुटली की ते दाराशी उभे राहतात. "संदेश कसा झाला? अगदी स्पष्ट सांगा हं, मला सेवेत वाढायचंय." मंडळींना घरी रश्श्याला फोडणी द्यायची असते. "छान झाला" म्हणून जो तो चपला शोधू लागतो. एका आजींनी मात्र नीट विचार करून सांगितलं, "आवाज खणखणीत आहे हो. डोळा लागू देत नाही." हे 'आवाज'खाली लिहावं की 'आशय'खाली, यात साहेबांची रविवारची दुपार गेली.

खरी भूक वडील पाळकसाहेबांच्या अभिप्रायाची. त्यांच्याच हाताखाली शिकायला यांना पाठवलंय, आणि ते पडले पक्के सातारकर. त्यांच्या तोंडून "वाईट नव्हतं" निघालं म्हणजे शाल-श्रीफळ मिळालं समजायचं. अधूनमधून धाकटे साहेब कराडमार्गे एस.टी.ने सांगलीला संदेश द्यायला जातात. तिथं "लई भारी झालं की!" सढळ हाताने मिळतं. पण सांगलीकर भडंगालाही तेच म्हणतात, तेव्हा वहीत त्याचे निम्मेच गुण धरायचे, असा साहेबांचा नियम आहे.

फारच पिच्छा पुरवला की वडील साहेब ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या आड दडतात. "टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून इथं साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडून बसले. कसं काय चाललंय माझं, असं कुणाला विचारत फिरले होते का?"

"त्यांच्या घरी बायको होती, लक्ष्मीबाई," धाकटे म्हणाले. "न विचारता सांगत असणार."

हे उत्तर वडील साहेबांना आवडलं असावं, कारण त्यांनी चष्मा पुसला. अभिप्राय काही दिला नाही.

तो मिळाला मिरजेला. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना काढल्यापासून इकडच्या दुखणेकऱ्याची वाट मिरजेकडे जाते, आणि त्याच्यामागून पाळकाचीही. आमच्या मंडळीतले एक काका तिथं आतड्याच्या ऑपरेशननंतर पडून होते. नाकात नळी, हाताला सलाईन. धाकट्या साहेबांनी उशाशी उभं राहून लांबलचक प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि वाकून हळूच विचारलं, "काका, प्रार्थना कशी वाटली? स्पष्ट सांगा."

काकांनी नळीसकट मान हलवली. साहेबांनी वही काढली.

वडील साहेब पायथ्याशी उभे होते. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी यांना बाकावर बसवलं आणि वर्षभराची शिल्लक एकदम मोजून दिली. "आजाऱ्याला आपली प्रार्थना कशी झाली ते विचारू नये. त्याला कुठं दुखतंय ते विचारावं, आणि तो सांगेल तेवढा वेळ गप्प बसावं. तुम्ही आत होता तेवढ्या वेळात काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांची बायको सकाळपासून उपाशी होती, तेही तुम्हाला दिसलं नाही. संदेशाचं म्हणाल, तर तो दहा मिनिटांनी कमी करा. आवाजाला काही झालेलं नाही."

धाकट्या साहेबांचे डोळे पाणावले. इतकं स्पष्ट त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सगळं लिहून घेतलं, शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली. खाली कँटीनमध्ये जाऊन काकूंसाठी इडली बांधून आणली, त्यांच्या हातात दिली आणि पुन्हा व्हरांड्यात आले.

"साहेब, एकच विचारतो. आत्ता तुम्ही बोलत होता, तेव्हा मी ऐकून कसं घेतलं?"