तीर्थरूप परवानेसाहेब यांस खुले पत्र

प्रति,
श्री. मद्य सेवन परवाना (एकदिवसीय),
मार्फत राज्य उत्पादन शुल्क विभाग, महाराष्ट्र राज्य.

तीर्थरूप परवानेसाहेबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहिण्याचे कारण असे की प्रत्यक्ष भेटीचा योग येत नाही. पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत वाइन शॉपच्या जाळीशी रोज संध्याकाळी रांग लागते. पैसे आत जातात, कागदात गुंडाळलेली क्वार्टर बाहेर येते आणि माणूस मान खाली घालून गाडीला किक मारतो. या सगळ्या व्यवहारात आपले नाव कोणी काढत नाही. आमच्या भागातल्या एका दुकानात मी मुद्दाम आपली चौकशी केली, तेव्हा काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी ताक मागितले.

वास्तविक आपला मान केवढा! विदेशी मद्यासाठी एका दिवसाचे पाच रुपये, देशीसाठी दोन. वर्षाचे शंभर आणि हजार रुपये मोजले की आजन्म. आपल्याविना घरच्या सोफ्यावर बसून घेतलेला घोटही गुन्हा. अख्ख्या महाराष्ट्रातल्या बारांनी दारावर आपले नाव लावून घेतले, ‘परमिट रूम’! पण आत बसणाऱ्या शंभरांतल्या किती जणांच्या खिशात आपण असता, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आपला जन्म १९४९चा. मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजीभाई देसाई होते, दारूबंदीचा कायदा झाला आणि त्या कायद्याच्या भिंतीला दार हवे म्हणून आपण आलात. प्रकृतीसाठी ज्याला मद्य आवश्यक आहे, अशा बिचाऱ्याला डॉक्टरांच्या शिफारशीने घोटभर मिळावे हा उदात्त हेतू. पुढे भिंत हळूहळू पाडली, दार मात्र जागच्या जागी ठेवले. आता चहूकडून मोकळे मैदान आणि मधोमध कुलूप लावलेले दार, अशी आपली अवस्था आहे. नुकताच आपला अमृतमहोत्सव होऊन गेला. निमित्त असे नावाला साजेसे असूनही कोणी साधा हार घातला नाही, याचे वाईट वाटते.

तक्रार अशी की आपल्या आडून सरकार सोवळे नेसून बसले आहे. कायद्याचे नाव दारूबंदी. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले, ते वर्षाला आणखी चौदा हजार कोटी मिळावेत म्हणून. २ ऑक्टोबरला दुकाने बंद, आषाढीला बंद, अनंत चतुर्दशीला बंद. ३१ डिसेंबरला मात्र परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडी. त्या रात्रीसाठी आपलेच गठ्ठे छापून दुकानांत आणि बारांत पोचवले जातात. दारूबंदीच्या कायद्याखाली पहाटे पाचपर्यंत पिण्याची सोय करून देणारे दुसरे राज्य शोधायला दुर्बीण लागेल. हिशेब सरळ आहे: कर सरकारचा, नफा दुकानदाराचा आणि पाप पिणाऱ्याचे. या पापाची पावती म्हणजे आपण, आणि तीही कोणी फाडत नाही.

आपले एक नातेवाईक स्वीडनमध्ये होते, ‘मोटबोक’ नावाचे. प्रत्येक खरेदीची नोंद होणारे दारूचे रेशनकार्डच ते. कोणाला किती लिटर, हे त्याची ऐपत आणि पत पाहून ठरे. लग्न झालेल्या बाईला बहुधा मिळतच नसे. १९५५मध्ये स्वीडिश सरकारने त्यांना निवृत्त केले आणि स्वतः गल्ल्यावर बसले. आजही तिथे वाइन किंवा व्हिस्की घरी न्यायची तर सहसा ‘सिस्टेमबोलागेट’ या सरकारी दुकानातच जावे लागते. वय वीस पूर्ण लागते, रविवारी दुकान बंद, शनिवारी दुपारी तीनला शटर खाली. दोनवर एक फुकट असली योजना नाही. नोकर पगारी असल्यामुळे एक बाटली जास्त खपवून त्याचा काही फायदा नाही, म्हणून तो तोंडाकडे पाहून निःसंकोच ओळखपत्र मागतो. दुकान घड्याळ पाहून बंद करण्याचे शिक्षण पुणेकरांना नव्याने द्यावे लागणार नाही, हा भाग वेगळा.

सरकारी दुकान म्हणजे स्वर्ग, असा माझा दावा नाही. तामिळनाडूत २००३पासून किरकोळ विक्रीही ‘टासमॅक’ या सरकारी महामंडळाकडे आहे आणि तिथली गर्दी पाहून कोणाला संयमाचे धडे मिळत असतील असे वाटत नाही. पण तिथल्या पिणाऱ्याच्या बायकोला एक सोय आहे. शिव्या कोणाला घालायच्या, याचा पत्ता दुकानाच्या पाटीवरच असतो. आमच्याकडे ती दुकानाशी गेली की दुकानदार परवान्याकडे बोट दाखवतो, परवाना कायद्याकडे, आणि कायदा तर बिचारा दारूबंदीचा!

आता गंभीर बोलतो. आपल्या राज्यात बिअर-वाइनसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि पोलिसांच्या तपासानुसार त्याआधी तो पबमध्ये बसून प्यायला होता. परवानेसाहेब, त्या रात्री आपण कुठे होतात? टेबलावर बाटली ठेवण्याआधी वय विचारणे एवढेच आपले काम होते. नंतर बारांना सील लागले आणि त्या मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. माझे हे पत्र त्याहून लांब झाले, क्षमस्व.

म्हणून नम्र विनंती की आपण आता सन्मानाने निवृत्त व्हावे आणि जाताना आपले एकमेव उपयोगी काम दुकानदाराच्या आणि बारमालकाच्या गळ्यात बांधून जावे. ओळखपत्र न पाहता बाटली दिली तर परवाना त्यांचा जाईल, पिणाऱ्याचा नव्हे. चौदा हजार कोटींतून वय तपासणाऱ्या माणसांचा पगार सहज निघेल. हे जमत नसेल तर सरकारने स्वतः गल्ल्यावर बसावे, आणि तेही नको असेल तर कायद्याच्या नावातून निदान ‘बंदी’ तरी काढावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पाच रुपये सुटे घेऊन हिंडणारा एक पुणेकर

ता. क. उत्तर ड्राय डेला पाठवले तरी चालेल. त्या दिवशी आपल्या खात्याला तेवढीच फुरसत असावी.