नंबर लागलेला

नगर जिल्ह्यात फ्लेक्सवर चढायचं तर माणूस निवडून आलेला असावा लागतो, नाहीतर त्याचा वाढदिवस तरी असावा लागतो. यातलं काहीही न करता वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी चौकात झळकणारा एकच प्राणी आहे, तो म्हणजे नवोदयला नंबर लागलेला. (जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला, पण एसटीच्या स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाळी असते आणि नंबर लागलेला त्याच गाडीत चढतो.) फ्लेक्सवरचा त्याचा फोटो आधार कार्डावरून उचललेला असतो, त्यामुळे एवढ्या आनंदाच्या प्रसंगीही तो नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. भोवती सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दोन मामा आणि शुभेच्छुकांची रांग. सगळ्यांत मोठा फोटो क्लासच्या सरांचा, आणि त्याखाली पुढच्या बॅचची तारीख.

नंबर काही साधा नाही. पाचवीतल्या पोरानं २ तासांत ८० प्रश्न सोडवायचे, दर प्रश्नाला सव्वा गुण. देवाला सव्वा रुपया ठेवणाऱ्या घरांना हा हिशेब परका वाटत नाही. निम्मे प्रश्न आकृत्यांचे असतात: चारांतली वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल, कागद घडी करून कापला तर भोकं कुठे पडतील. वर्षभर हे घोटून पोराची नजरच बदलते. पंगतीत ओळीनं चार चुलते बसले तर यातला वेगळा कोणता, ते तो मोठ्यानं सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो, त्यामुळे घरात भांडणं होतात. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. स्पर्धा परीक्षांच्या राजाला, म्हणजे यूपीएससीला, खुल्या गटातल्या माणसालासुद्धा ६ वेळा बसता येतं. इथं दहा वर्षांच्या पोराला एकच. केंद्राच्या फाटकापाशी बाप त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि सांगतो, “टेन्शन घेऊ नको, बाळा. फक्त एकदाच हाये.”

अमेरिकेतल्या कॉमिक्सवाल्यांनी १९६३ साली अचाट शक्तीच्या पोरांची एक निवासी शाळा काढली. एकाच्या डोळ्यांतून किरण निघतात, एकाला पंख, मुख्याध्यापकांना दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. आपल्या सरकारनं असला प्रयोग कागदावर न ठेवता जमिनीवर केला. १९८५-८६ मध्ये हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं पुढे जिल्ह्याला एक हे सूत्र धरलं. शिक्षण, राहणं, जेवण सरकारचं, आणि निदान ७५ टक्के जागा खेड्यातल्या पोरांना. नगरचं नवोदय पारनेर तालुक्यात, कल्याण रस्त्यावरच्या टाकळी ढोकेश्वरला आहे. तिथल्या डोंगरात ढोकेश्वराची प्राचीन कोरीव लेणी आहेत. म्हणजे घरदार सोडून लांब येऊन राहायची या गावाची परंपरा पोरांच्या पेट्या येण्याच्या कितीतरी आधीची.

इथं एक खुलासा. हे चित्र कुठल्याही एका शाळेचं किंवा एका पोराचं नाही. नंबर लागलेला ही जात आहे, ती टाकळीत सापडते तशी देशातल्या कुठल्याही नवोदयात सापडते, फरक फक्त पेटीतल्या खाऊचा. शिवाय मी ‘पोरगा’ म्हणतोय, पण किमान एकतृतीयांश जागा मुलींच्या असतात. त्यांच्या वसतिगृहातल्या शक्ती याहून भारी असाव्यात, अशी माझी दाट शंका आहे. ते व्यक्तिचित्र मात्र तिथं राहिलेल्या एखाद्या लेखिकेनंच लिहावं.

तर, पत्र्याची पेटी, बादली, मग आणि गादी घेऊन नंबर लागलेला सहावीच्या वसतिगृहात दाखल होतो. गावात त्याची शक्ती सिद्ध झालेली असते. तीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणून त्यानं पाहुण्यांना चहा थंड करायला लावलेला असतो. इथं शेजारच्या कॉटवरचा पोरगा झोपेत पावकी, निमकी, पाऊणकी म्हणत असतो. समोरच्याला सगळ्या देशांच्या राजधान्या येतात. कोपऱ्यातला गप्प बसलेला काही बोलत नाही, पण तो पाचवीतच दहावीचं गणित सोडवायचा अशी कुजबुज असते. आपापल्या शाळेत पहिली आलेली ऐंशीएक पोरं एका इयत्तेत कोंबली की पहिल्या चाचणीत कुणीतरी शेवटचा येणार. गणित सोपं आहे, पण क्लासच्या सरांनी नेमकं हेच घेतलेलं नसतं. घरून हाऊस मास्तरांच्या फोनवर विचारणा होते, “वर्गात कितवा आला?” नंबर लागलेला क्षणभर थांबतो आणि ठाम आवाजात सांगतो, “पहिल्या शंभरात, दादा.” बाप ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचवतो.

हुशारीचं चलन असं रद्द झालं की मग खऱ्या शक्ती उगवायला लागतात. त्या कुठल्याही परीक्षेतून येत नाहीत, नियमांतून येतात. पहाटेच्या शिट्टीनं उठणं, पीटी, अंघोळ, नाश्ता, प्रार्थना, तास, जेवण, पुन्हा अभ्यास, खेळ, हजेरी, जेवण, पुन्हा अभ्यास, दिवे बंद. मोबाईल नाही. फाटकाबाहेर जायचं नाही. या चौकटीत वर्ष काढलं की पोराच्या अंगी पुढील गोष्टी येतात. उघड्या डोळ्यांनी, ताठ उभं राहून, राष्ट्रगीत सुरू होईपर्यंत झोपणं. दीड मग पाण्यात साबणासकट अंघोळ. चार मिनिटांत जेवण, त्यात रस्सा दुसऱ्यांदा घेण्याचा वेळ धरलेला. आणि अदृश्य होणं. ‘मैदानावरचे दगड उचलायला कोण येतंय?’ असं सर विचारतात तेव्हा भरलेल्या व्हरांड्यात एकही पोर दिसत नाही.

कान तर विचारू नयेत. दोन इमारतींपलीकडून येणाऱ्या चपलेच्या आवाजावरून हे हाऊस मास्तर आहेत की आजचे एमओडी, म्हणजे मास्टर ऑन ड्यूटी, ते अंधारात कळतं. किल्ल्यांचा जुडगा वाजला तर प्राचार्य. काहीच वाजलं नाही तर पीटीचे सर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

पण सगळ्यांत वरची शक्ती नाकाची. भेटीच्या दिवशी आयाबाया डबे घेऊन येतात. नियम असा की खाऊ तिथंच झाडाखाली बसून संपवायचा. खाऊ वसतिगृहात शिरतोच, कुठून शिरतो हे इथं लिहिलं तर पुढच्या बॅचेस मला माफ करणार नाहीत. रात्री दिवे गेल्यावर एका पेटीचं झाकण दोन बोटं उचललं जातं आणि तिसऱ्या खोलीतला पोरगा अंथरुणात उठून बसतो. हे राजूरचे पेढे, म्हणजे अकोल्याच्या पोराची आई येऊन गेली. राहात्याचे पेरू असतील तर लपवण्यात अर्थच नाही. ठेचा पारनेरचा की श्रीगोंद्याचा, यावर मात्र जाणकारांत मतभेद आहेत. हाऊस मास्तर या सगळ्यांचे गुरू. ते दिवा लावत नाहीत, पेट्या तपासत नाहीत. अंधारात दारात उभं राहून नुसतं म्हणतात, “लाडू शिळे झालेत वाटतं.” आणि आतून दुखावलेला आवाज येतो, “कालचेच हायेत सर, साजूक तुपातले!”

नगर हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. एवढ्या जिल्ह्यात एक भाषा बोलली जाते ही समजूत पहिल्याच रात्री संपते. घाटमाथ्याच्या पावसात भिजलेली अकोल्याची बोली आणि मराठवाड्याला टेकलेली जामखेडची बोली एका खोलीत आल्या की आठवडाभर खुणांवर भागतं. त्यात उत्तर आणि दक्षिण. उत्तरेत कालवे, साखर कारखाने, ऊस. दक्षिणेत टँकर. उत्तरेकडच्या पोराचा बाप कारखान्याचा सभासद, ऊस लावतो. पाथर्डीकडच्या पोराचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात. दोघांची पोरं शेजारशेजारच्या नळावर दात घासतात आणि टूथपेस्ट एकाचीच असते. भेटीच्या दिवशी पाथर्डीच्या पोराकडे कुणी आलेलं नसतं, कारण हंगाम चालू असतो. त्या दिवशी त्याला तीन-चार घरचे डबे उघडे असतात आणि तो त्यातल्या प्रत्येकात खोट काढतो. “आमची आई याच्यात कारळं घालती,” असं म्हणून दुसरा लाडू घेतो. चिडत कुणी नाही. आया तर पुढच्या वेळी कारळं घालून आणतात.

पोरं चार हाऊसांत वाटली जातात. देशभर नावं तीच: अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. सह्याद्रीचा यात नंबर लागला नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई आपल्याच अकोले तालुक्यात, उंची १,६४६ मीटर. तिच्या पायथ्याचा पोरगा ‘निलगिरी की जय’ ओरडत कबड्डीत शिवालिकच्या संगमनेरकराचे पाय ओढतो. दोघांनीही निलगिरी पाहिलेला नाही आणि शिवालिकही. पण हाऊससाठी गुडघे फोडून घ्यायला डोंगर पाहिलेला असावा लागतो, असा काही नियम नाही.

नववीत या शक्तीची सीमेपलीकडे निर्यात होते. वर्गातली ३० टक्के पोरं वर्षभरासाठी हिंदी मुलखातल्या एखाद्या नवोदयात जातात आणि तिकडची तेवढीच इकडे येतात. राष्ट्रीय एकात्मतेसाठी केलेली ही योजना आहे आणि ती खरोखर चालते, फक्त सरकारला अपेक्षित होती तशीच चालते असं नाही. आपला पोरगा तिकडून ‘हम’ म्हणायला शिकून येतो आणि आईला ‘हम को भूक लगी’ सांगतो. ती विचारते, “किती जण आलेत रे बाबा?” इकडे आलेल्या तिकडच्या पोरांना वर्षाअखेर बाजरीची भाकरी मोडता येते, शिव्यांत नगरी ठसका येतो आणि परत जाताना एखादा ठेच्याची बरणी शर्टात गुंडाळून नेतो.

याच पारनेर तालुक्यात, फार लांब नाही, राळेगणसिद्धी आहे. तिथल्या संत निळोबाराय विद्यालयानं अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं उलटा नियम केला: जो नापास झालाय, शाळेनं नाकारलाय, त्याला आधी घ्यायचा. राहायला वसतिगृह, पहाटे उठणं, व्यायाम, शिस्त, आणि त्यांतली पोरं पास झाली. म्हणजे एका तालुक्यात पास झालेल्यांची निवासी शाळा आणि नापास झालेल्यांची निवासी शाळा, आणि दोन्हीकडे पहाटे अंधारात मैदानाला फेऱ्या मारणारी पोरं. त्या वेळी दुरून पाहणाऱ्यानं वेगळी आकृती कोणती ते सांगून दाखवावं. सव्वा गुण माझ्याकडून.

सुट्टीत नंबर लागलेला घरी येतो आणि घराची घडी विस्कटते. नरक चतुर्दशीला सगळं गाव मोठ्या कष्टानं पहाटे उठतं. हा साडेचारला उठून, उटण्याला हात न लावता, दीड मगात अंघोळ उरकून अंगणात ओळीनं उभा असतो. ओळीत तो एकटाच असतो. फराळाचं ताट समोर आलं की दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघराच्या दाराशी थांबतो. आजी म्हणते, “आरं बस की खाली,” तर म्हणतो, “माझा नंबर आला का?” खाऊन झाल्यावर स्वतःचं ताट घासून पालथं घालतो. एवढं पाहून आजीच्या डोळ्यांना पदर लागतो. “पोराला तिकडं भांडी घासायला लावत्यात,” ही बातमी शेजारी जाते, आणि गेल्या वर्षी फ्लेक्स लावणारे शुभेच्छुक चौकशीला येतात. बाहेर जाताना हा उंबऱ्यात अडतो आणि विचारतो, “मे आय गो आउट?” धाकट्या भावाला रात्री नऊला दिवा बंद करायला लावतो. भाऊ चौथीत असतो आणि नवोदयच्या क्लासला नुकताच घातलेला असतो. चार दिवस हे बघून तो आईला विचारतो, “नंबर नाही लागला तर चालंल का गं?”

बारावीनंतर ही जात जगभर पांगते. कुणी डॉक्टर होतो, कुणी फौजदार, कुणी चाकणच्या कंपनीत सुपरवायझर, कुणी पुन्हा नवोदयातच मास्तर, आणि त्याला पेट्यांबद्दल काहीही सांगावं लागत नाही. परक्या शहरातल्या दोन अनोळखी माणसांत एकानं चहाचा कप स्वतः विसळून ठेवला की दुसरा विचारतो, “कुठलं हाऊस?” पुढचं सगळं आपोआप होतं. आडनाव, गाव, तालुका बऱ्याच वेळानं निघतात आणि कधीकधी निघतच नाहीत.

लग्नात मात्र घोटाळा होतो. नवरदेव नवोदयचा, मित्रांची सगळी बॅच वऱ्हाडात. मुलीकडच्यांनी हौसेनं त्यांची खास पंगत मांडलेली असते, खाली पाट, मधे रांगोळी, आग्रहाला दोन मामा नेमलेले. वाढपी मठ्ठा वाढत पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीची पंधरा ताटं कोरडी झालेली असतात. जिलबीचं परातभर पीक आत येतं तेव्हा अख्खी ओळ उठलेली, हातात ताटं, एकामागे एक मांडवाबाहेर निघालेली. वरपक्ष जेवता जेवता उठला, म्हणजे मानपानात काहीतरी राहिलं. मुलीचा बाप फेटा सावरत, हात जोडून मागे धावतो. “पाव्हणं, थांबा, काय चुकलं का आमचं?”

रांगेतला पहिला थांबतो. त्याच्यामागे बाकीचेही अंतर राखून थांबतात.

“काही नाही मामा,” तो म्हणतो, “नळ कुठंशी आहे?”