कमरपट्टा बांधलेली खुर्ची

सातशे थाळ्या आणि एकशे वीस खुर्च्या, हे प्रमाण कोणत्या शास्त्राने सिद्ध केले असावे, याचा उलगडा मंडपवाल्याचे ते दरपत्रक हाती आल्यापासून मला झालेला नाही. तुळशीचे लग्न लागून मुहूर्त मोकळे झाले की आमच्या इंदुरात बायपासलगतच्या एकेका गार्डनावर दिव्यांच्या माळा चढतात, आणि त्याच सुमारास मुलीचा बाप नावाचा गृहस्थ बयाण्याची पावती व चष्मा सांभाळीत परिचितांच्या घरी सल्लामसलतीसाठी हिंडू लागतो. असाच एक गृहस्थ माझ्याकडे येऊन बसला. भोजनाच्या यादीविषयी त्याची तक्रार नव्हती. पोटाला काय लागते हे माळव्यात कोणी कोणाला शिकवीत नाही. अडले होते ते मंडपाच्या तपशिलाशी, कारण त्यात ‘खुर्ची’ ही एक बाब होती, ‘खुर्चीचे कव्हर’ ही दुसरी, आणि ‘कव्हरवरील बो’ ही तिसरी, व तिन्हींचे भाडे स्वतंत्रपणे आकारलेले होते.

हा बो म्हणजे वीतभर रुंदीची सॅटिनची पट्टी. ती खुर्चीच्या कमरेला आवळून मागल्या अंगास तिची ऐसपैस गाठ मारायची, एवढाच तिचा या भूतलावरील अवतारहेतू. बसणाऱ्याची तिच्याकडे पाठ असते, समोरच्यास ती दिसत नाही, आणि मागून जाणाऱ्याच्या हातातील कढी तिच्यावर सांडते. तरीही तिच्या रंगासाठी दोन्ही घरची मंडळी एकत्र जमली. शालूच्या काठाशी जुळणारा सोनेरी घ्यावा असे वधूपक्षाचे म्हणणे, तर वरपक्षाच्या एका विदुषीने ‘पीच’ नावाचा रंग सुचविला. मला तो ओल्या भिंतीवरील जुन्या चुन्याचा वाटला. पत्रिकेतील गुणमेलनावर झाली नसेल एवढी चर्चा या कमरपट्ट्यावर झाली. मी मंडपवाल्याच्या गुदामात जाऊन एका खुर्चीचे वस्त्र थोडे वर केले. आत पांढऱ्या प्लास्टिकची, पाठीवर तेलरंगाने मालकाची आद्याक्षरे रंगविलेली, व मोडलेला हात तांब्याच्या तारेने शिवलेली एक जीर्ण खुर्ची लज्जेने उभी होती. मी वस्त्र पूर्ववत केले.

“पण उरलेले पाचशे ऐंशी लोक बसायचे कोठे?” असे मी विचारले, तेव्हा मंडपवाल्याने माझ्याकडे करुणेने पाहिले. “काका साब, रिसेप्शन में बैठता कौन है? लोग तो चलते-फिरते खाते हैं।” वधूपित्यानेही मान डोलावली. बसायला कोणी येतच नाही हे उभयतांस मान्य, आणि न बसण्यासाठी लागणाऱ्या एकशे वीस खुर्च्यांना कमरपट्टे हवेत हेही उभयतांस मान्य!

मंडपवाल्याच्या मुद्द्यात एक दगाबाज सत्य आहे, हे नाकारता येणार नाही. हे शहर उभ्यानेच खाते. रात्री सराफ्यातील पेढ्यांची दारे ओढली गेली की त्याच ओट्यांपुढे गराडूची व भुट्ट्याच्या किसाची दुकाने मांडली जातात, आणि छप्पन दुकानवर सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरवीत उभा असलेला सभ्य इंदूरकर खुर्ची मागताना मी पाहिलेला नाही. परंतु त्या उभे राहण्यात एक व्यवस्था आहे. तेथे एका वेळी एकच पदार्थ हाती येतो; द्रोण डाव्या हातात, उजवा हात मोकळा; संपला की पुढच्या दुकानी. उलट स्वागतसमारंभाच्या थाळीत तेच सगळे पदार्थ एकाच वेळी, एकमेकांच्या अंगावर रेलून उतरतात, आणि त्यांत आमचा मानाचा दाल-बाफला असतो. हा बाफला आधी उकळून, मग भाजून, शेवटी तुपात बुडवून काढलेला एक निग्रही कणकेचा गोळा आहे. तो मांडी घालून, ताट जमिनीवर भक्कम ठेवून, पाचही बोटांनी कुस्करावयाचा, त्यात आळे करून डाळ ओतावयाची, आणि मग जगाकडे पाठ फिरवावयाची, असा त्याचा विधी. तो उभ्याने कुस्करू पाहणारा मनुष्य आपण कधी निरखला आहे काय? एका हाताने थाळी तोलावी तर दुसऱ्या हाताच्या दाबाने ती कलते. कलली की डाळ गुलाबजामाच्या पाकाकडे प्रस्थान ठेवते. ती थोपवावी तर काखेत धरलेला पाण्याचा पेला दगा देतो. आणि नेमक्या त्या क्षणी वरपक्षाचे मामा समोर येऊन नमस्कारासाठी दोन्ही हात जोडतात. लग्नाने नवरदेव चतुर्भुज होतो असे आपण म्हणतो, पण त्या मांडवात चार हातांची निकड असते ती पाहुण्याला. शेवटी तो बाफला अखंड स्थितीत, तुपासकट, उष्ट्या थाळ्यांच्या टबात विसर्जित होतो.

आणि तेथून त्याचे भाग्य उजळते. 2017पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळविणारे हे शहर कचऱ्याची वर्णव्यवस्था फार काटेकोर पाळते. ओला, सुका, प्लास्टिक, विजेच्या वस्तू, घरगुती घातक, आणि स्वच्छताविषयक, असे सहा प्रकार, व प्रत्येकाला कचरागाडीत स्वतंत्र जागा. देवगुराडियास 2022 साली ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा जो मोठा कारखाना सुरू झाला, त्याची आरंभीची क्षमता दिवसाला 550 टनांची होती. म्हणजे मी न खाल्लेला बाफला राखीव जागेवर बसून जातो, आणि तो खाऊ न शकलेला मी अद्याप उभाच! ज्या नगरीत कचऱ्याला सहा आसने आहेत तेथे पाहुण्याला एक मिळू नये, आणि याची कोणाला लाज वाटू नये?

जुन्या पंगतींचे गोडवे गाणारा मी नव्हे. रांगोळी, पाट, उदबत्ती आणि डाव्या बाजूचे मीठ-लिंबू ठीक. पण दुसऱ्या पंगतीचे उमेदवार पहिल्या पंगतीतल्यांच्या पाठीशी उभे राहून त्यांचा मठ्ठा कधी संपतो हे मोजीत असत, आणि कोण कोणाच्या पंक्तीला बसणार नाही याचे जे निर्लज्ज नियम होते त्यांबद्दल तर एक शब्दही चांगला बोलता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मराठी दरबारांच्या अठरा कारखान्यांत राहुट्या-गालिचे पाहणारा फरासखाना आणि स्वयंपाक पाहणारा मुदपाकखाना ही खाती अलग होती, तशी ती आजही आहेत. फरक इतकाच की आज पहिले खाते दुसऱ्याला गिळू लागले आहे. दरपत्रक मी पुन्हा वाचले. झालर, गोल टेबलांवरची फुले, प्रवेशाची कमान आणि कमरपट्टे मिळून होणारी बेरीज मिठाईच्या बेरजेच्या वर गेलेली होती.

आणि ज्या पंधरा गोल टेबलांभोवती त्या एकशे वीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांवर समारंभाच्या दिवशी पाहतो तो ‘राखीव’ अशा पाट्या! कोणासाठी राखीव, हे पाटी लावणाऱ्या पोऱ्यासही ठाऊक नव्हते. विहीणबाई व्यासपीठावर, व्याही दाराशी, आणि राखीव टेबले रिकामी. त्यांच्यापासून चार हातांवर मुलीची आजी उभी होती. दोन्ही गुडघे निकामी, एका हातात काठी, म्हणून थाळी धरायला नात. आणि तिला बसवावे म्हणून मी एक खुर्ची ओढली, तर छायाचित्रकार ओरडला की रांग मोडली, ड्रोन वरून घेतोय! अरे, तुझा ड्रोन गेला खड्ड्यात! जिने या घरात चार पिढ्यांना जेवू घातले ती उभी, आणि सॅटिनची पट्टी बसलेली? पंक्तिभेद गेला म्हणता ना? तो गेलेला नाही, भाड्याने मिळू लागला आहे.

मी आजीला बसविले. गाठ सुटली, ‘बो’ खाली पडला, आणि त्याची नुकसानभरपाई दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात रीतसर दाखल झाली, असे वधूपित्याने मला कळविले. उत्तरादाखल मी त्याला धाकटीच्या लग्नाचा मसुदा पाठविला आहे. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ अशी जी ओळ असते तिच्याखाली ‘कृपया घडीची खुर्ची आणावी’ अशी दुसरी छापावी. गार्डनच्या फाटकावरील रखवालदाराने बाहेरचे सामान आत नेण्याची आकारणी मागितली, तर पाहुण्यांनी ती आहेरातून वळती करून घ्यावी.