खापर फोडावं कसं: बारामती-इंदापूरच्या नवशिक्यांसाठी

या विद्येला भांडवल लागत नाही. चहाची टपरी, संध्याकाळची वेळ आणि मोजताना स्वतःला वगळण्याची सवय, एवढ्यावर भागतं. पहिल्या दिवशी एकच वाक्य घोकायचं: "लोकसंख्या फार वाढली हो." म्हणताना नजर समोरच्या गर्दीवर हवी. आपण मोटारसायकल रस्त्यात आडवी लावली आहे, तिकडे ती जाता कामा नये.

सरावाला बारामतीतला भिगवण चौक उत्तम. एमआयडीसीतून सुटलेले कामगार, कॉलेजची पोरं, दवाखान्यात आलेले पाहुणेरावळे, इंदापूरकडून खरेदीला आलेली बिऱ्हाडं, सगळं एका जागी मिळतं. यातली बरीचशी माणसं इथे जन्मलेली नसून कामानं आलेली आहेत, असा विचार डोक्यात आला तर चहाचा घोट घ्यावा. नगरपालिकेची हद्द वाढून रुई, जळोची, तांदुळवाडी शहरात आली आणि एकही पाळणा न हलता शहराची माणसं वाढली, हेही विसरून जावं.

आता आकडे. 2011 च्या जनगणनेत बारामती तालुक्यात 4 लाख 29 हजार आणि इंदापूर तालुक्यात 3 लाख 83 हजार माणसं होती. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे पुढचा आकडा तुम्ही कितीही फुगवून सांगा, खोडायला कुणाकडे कागद नाही. फक्त राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वाचलेला एखादा टपरीवर असेल तर विषय बदला. 2019-21 च्या त्या पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. आहे ती लोकसंख्या टिकवायलाच साधारण 2.1 लागतात. म्हणजे पाळणे कधीच मंदावले. दिसते ती गर्दी आधी जन्मलेल्यांची, जास्त जगणाऱ्यांची आणि पोटासाठी गाव सोडलेल्यांची.

दोष द्यायला माणूस निवडताना तो समोर नसलेला आणि शक्यतो गरीब असावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. कोपीबाहेर खेळणारी पोरं दिसली की बोट दाखवणं सोपं जातं. गाळप संपलं की ती परत जातात, पण तोवर आपलं बोलून झालेलं असतं. वरच्या वर्गातले विद्यार्थी आवाज उतरवून "त्यांची लोकसंख्या" असं म्हणतात. ते म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. मला हा प्रकार किळसवाणा वाटतो. अभ्यासक्रमात आहे म्हणून नोंदवला.

आपल्या राज्याला या विषयाची परंपरा आहे. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बाळंतपणांनी खंगलेल्या बायका होत्या; लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. आणीबाणीत, 1976 मध्ये, विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडलं. पुढे सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही, असा नियम आला. किती बोअर पाडल्या आणि किती एकर ऊस लावला, यावरून उमेदवारी अडवावी असं मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही.

एका धड्यात खापर खरोखर जागेवर बसतं, आणि नेमका तोच धडा कुणी उघडत नाही. तो सातबाऱ्यावर आहे. 1970-71 मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टरवर आली. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. आजोबांच्या एका नावाखाली चार भाऊ, मग बहिणींची हक्कसोडपत्रं, मग चुलतभावांची रांग आणि शेवटी सामाईक विहीर. तिच्यावरची मोटार पाळीनं चालते, बांध दरसाल नांगराखाली थोडाथोडा जातो, दावा तारखांवर चालू राहतो. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासूनचा, तरी रस्त्याकडेची जमीन गुंठ्यागुंठ्यानं विकली गेलीच. उरलेल्या तुकड्यात घर चालवायचं तर भरवशाचं पीक एकच सापडतं. ते कारखाना नेतो, त्याचा किमान दर केंद्र सरकार ठरवतं, आणि ते लावून मालकाला पुण्यात नोकरीही करता येते. ऊस लावणारा खुळा नाही. त्याच्या जागी मीही तोच लावला असता.

इथून मुख्य कला सुरू होते, ती पाण्याची. हा मुलूख पर्जन्यछायेतला, वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. नीरा डावा कालवा आला नसता तर इथे ज्वारी-बाजरीच राहिली असती. मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं, म्हणजे एकरी ऐंशी लाख. खेड्यातल्या नळयोजनेत माणसाला दिवसाला 55 लिटर धरतात, वर्षाला वीस हजार. भागाकार टपरीवर करू नका, घरी करा. एक एकर ऊस चारशे माणसांचं वर्षाचं पाणी पितो. एका कारखान्यानं हंगामात दहा लाख टन गाळायचं आणि एकरी चाळीस टन निघायचे, तर पंचवीस हजार एकर ऊस हवा. त्या उसाचं पाणी एक कोटी माणसांना पुरतं. 2011 साली अख्ख्या पुणे जिल्ह्यात माणसं होती 94 लाख. आणि इथे कारखाने एकटेदुकटे नाहीत: सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. खासगी वेगळेच. थोडं पाणी मुरून विहिरींना परत मिळतं आणि ठिबकावर गरज बरीच खाली येते, हे मान्य. तरी हिशेबाचा काटा माणसांकडे झुकत नाही.

हा हिशेब कुणी काढला तर उत्तर तयार ठेवा: "पुणं किती वाढलंय बघा!" हे अर्धं खरं आहे, म्हणून चांगलं खपतं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणाच्या कालव्याचं टेल, म्हणजे शेवटचं टोक, इंदापूर तालुक्यात येतं. शहर जितकं जास्त उचलेल तितकं टेलला आवर्तन उशिरा आणि तोकडं. पुणं त्या पाण्याची परतफेडही करतं, फक्त वापरून झाल्यावर. मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात ते येतं, सोबत फेस आणि जलपर्णी घेऊन. काठावरच्या गावांत डोळ्यांसमोर समुद्र असतो आणि प्यायला फिल्टरचे जार. या जलाशयासाठी ज्यांची गावं बुडाली त्यांच्या वाट्याला हे आलं. धरण 117 टीएमसीचं, त्यातलं 63 मृतसाठ्याचं. उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणतात तेव्हा सगळे त्या 63 मधूनच ओढत असतात, आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं.

प्रगत अभ्यासासाठी 2021 चा उन्हाळा बघावा. पुण्याकडून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातलं 5 टीएमसी इंदापूरला द्यायचं एप्रिलमध्ये ठरलं. उजनीच्या पाण्यावर जगणारा सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि मे महिन्यात निर्णय रद्द झाला. लाखो मोऱ्यांतून वाहून आलेल्या पाण्यावर दोन जिल्हे भांडले. त्या भांडणात उसाचं क्षेत्र कमी करू असं कुठल्याच बाजूच्या पुढाऱ्यानं म्हटलं असेल तर मला दाखवा.

पुढची जनगणना 2027 मध्ये आहे. गणक येईल तेव्हा घरातली माणसं खरी सांगा. ऊस किती, हे तो विचारणार नाही. ते कालव्याच्या पाण्यासाठी नमुना नंबर 7 भरताना लिहायचं असतं. तिथेही पीक आणि क्षेत्र खरंच लिहा, पाणीवापर संस्थेच्या बैठकीला जा, आणि उसाला ठिबक नसेल तर लोकसंख्येवर बोलण्याआधी ते बसवून घ्या.